हजेरीतलं शेवटचं नाव

लहानूदादा,

तुझं नाव कागदावर लिहिलं आणि लगेच मान वळवून मागं बघितलं. दुकानात कोणी नाही. झेरॉक्सचं मशीन तापलंय म्हणून बंद ठेवलंय, समोर तहसीलच्या फाटकापाशी जीपवाले खोडाळा, खोडाळा करून ओरडतायत, उन्हानं रस्ता पांढरा पडलाय. इतक्या भर दुपारी घाबरण्यासारखं काही नाही. पण मी घाबरलोय. तू म्हणायचास, यशवंता स्वतःच्या सावलीवर पाय देताना पण आधी तिला विचारतो. चारचौघांत म्हणायचास, लोक हसायचे, मीही हसायचो, कारण ते खरं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तो आधीपासून होताच, आता त्याच्या जोडीला तू आहेस.

तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही. मोखाड्यात आणि जव्हारला ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि प्रत्येकाचं जरा वेगळं आहे. मला तुला खोडाळ्याची हळद सांगायची आहे. तुझ्यामागं वाजवलेली आपली पहिली सुपारी. दर सुपारीनंतर घरी येताना गाडीत आपण दोघं कोण कुठं चुकला ते उगाळत बसायचो. या वेळी माझ्या शेजारी ढोल ठेवला होता.

आपल्या बेंजो पार्टीच्या बॅनरवर तू देवीचं नाव घातलं होतंस, पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. सगळा तालुका आपल्याला हजेरीवालेच म्हणायचा. ढोल, बेंजो, ट्रम्पेट आणि पुढं तू. दुसऱ्या पार्ट्या सरळ वाजवायच्या. आपण सिनेमातली चाल उचलायची, मध्येच तिला तारपा नाचाची कलाटणी द्यायची, आणि ती रंगात आली की मुद्दाम पाडायची. माझ्या ट्रम्पेटवर तू शेळी काढून घेतलीस, घाट चढणारी जीप काढून घेतलीस, दुपारी टेबलावर घोरणारा साहेब काढून घेतलास. सूर चुकवायला शिकवायला तुला जितका वेळ लागला तितका बरोबर वाजवायला शिकवणाऱ्याला लागला नव्हता.

आणि सुरुवातीला हजेरी. तू तो काळा कोट घालायचास, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावायचास आणि आश्रमशाळेतल्या मास्तरासारखा एकेकाचं नाव पुकारायचास. ढोलवाला धुम करून ओ द्यायचा, बेंजोवाला भलतीच तार छेडायचा, मी बें करायचो. सगळ्यात शेवटी तू स्वतःचंच नाव पुकारायचास. लहानू! कोणी ओ देत नाही. तू कपाळाला हात लावायचास, मांडवाबाहेर डोकावायचास, नवरीच्या आईला विचारायचास, आमचा लहानू तुमच्या चुलीपाशी तर नाही ना? मग तुरुतुरु पळत पलीकडं जायचास, तुझा तो एवढा मोठा देह कोटाखाली लपवायचास आणि चिमणीच्या पिलासारख्या आवाजात म्हणायचास, हजर, हजर. लोक लोळायचे. कितीदा बघितलेलं असलं तरी लोळायचे.

पार्टीतली माणसं मात्र टिकायची नाहीत. पहिला ढोलवाला जान्या वसईला रेतीच्या कामावर गेला. बेंजोवर बसेल तो तर जायचाच. एक पोलिसात भरती झाला, एक त्र्यंबककडं घरजावई गेला, एकानं माळ घातली आणि माणसांना हसवणं हे पाप आहे असं आपल्यालाच ऐकवून गेला. तू म्हणालास, हा खरा विनोदी निघाला, याला उगाच बेंजोवर बसवला. जान्याच्या जागी सोमा आला, तेव्हा पहिल्याच लग्नात तुझ्या तोंडून सवयीनं जान्या निघालं आणि सोमानं घाबरून धुम केलं. लोक हसले. तिथून रीत पडली. नवा माणूस आला की त्यानं गेलेल्याच्या नावाला ओ द्यायची, गाडीतसुद्धा, जेवतानासुद्धा. ज्या दिवशी त्याला त्या जागेवर स्वतःचा हसा मिळेल, म्हणजे तू शिकवलेल्या गमतीवर नाही तर त्याच्या स्वतःच्या कशावर तरी मांडव हसेल, त्या दिवसापासून त्याला त्याचं नाव. सोमाला पहिल्याच लग्नसराईत मिळालं. मी दोन लग्नसराया वसंत म्हणून, माझ्याआधीच्या ट्रम्पेटवाल्याच्या नावानं, काढल्या. माझ्या आईनं एकदा बाजारात मला वसंत म्हणून हाक मारलेली ऐकली आणि तुला गाठून तासलं, आठवतं ना?

एका शिमग्याला जान्या सुट्टीवर आला आणि गुपचूप लोकांत बसला. सोमा तेव्हा नवाच होता, मीही. तू जान्या म्हणून पुकारलंस आणि दोन ठिकाणांहून ओ आली. एक ढोलाची आणि एक अंधारातून माणसाची. तू खरोखर दचकलास. नंतर आपण त्यावर किती हसलो. पण गेले काही दिवस ती अंधारातली ओ मला सारखी ऐकू येते. जान्या वसईला होता, तो यायचाच होता. तुझं नाव घेतलं आणि दोन ओ आल्या तर मी काय करू?

आपलं भांडण अर्धं राहिलं, दादा. तू म्हणायचास पार्टी माणसांची नसते, जागांची असते. "मानूस जातो रे. जागा कुठं जाते? जागा धरून ठेवली का पार्टी हाय." मी म्हणायचो, हे ढोल-बेंजोला ठीक आहे, तुला नाही. तुझ्या जागी उद्या एखादा टोणगा उभा केला आणि त्याला लहानू म्हटलं तर लोक काय हसणार आहेत? तू माझ्याकडं बघून म्हणालास, टोणगा म्हणजे तूच की. मला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण तू हसला नव्हतास. मग मी डीजेवाल्यांचा विषय काढला. आजकालच्या पोरांना डीजे लागतो, आपली पार्टी तुझ्याबरोबरच संपणार आणि त्यात काही वाईट नाही, असं मी बोललो. तू तीन दिवस माझ्या दुकानात चहाला आला नाहीस. मला वाटायचं ते अजूनही खरं वाटतं, एवढं मी तुला सांगून ठेवतो. तू मेलास म्हणून मी भांडण सोडणार नाही.

तुला जव्हारला नेताना, जीपच्या मधल्या सीटवर, तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझा घाम माझ्या पॅन्टीतून आत लागत होता. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, खोडाळ्याला हजेरी कोन घेनार? मी म्हटलं, तूच.

"गप. कोन घेनार?"

बाहेर पळस होते आणि एक बाई डोक्यावर मोळी घेऊन कडेला थांबली होती.

"माझा नाव शेवटी घे," तू म्हणालास.

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. म्हटलं, बोलू नको, दम लागेल. तुझ्याशी बोललेलं माझं हे शेवटचं वाक्य.

तुझ्या बाराव्याला सोमा आणि निलेशनं कोट माझ्या हातात दिला. सोमा ढोलवर, निलेश बेंजोवर, दोघांनाही पुढं उभं राहायचं नव्हतं. मी कोट आणून दुकानात दाराच्या मागं टांगला. पंखा लावला की त्याची बाही हलायची. एवढ्या उकाड्यात मी पंखा बंद करून बसायला लागलो, गिऱ्हाइकं विचारायची लाइट गेली का, मी म्हणायचो हो. फोनमध्ये तुझे व्हिडिओ आहेत, एकही उघडला नाही. तुझा आवाज ऐकायची भीती वाटते म्हणून नाही उघडले. ऐकला आणि वाटलं की हा असा नव्हता, तर? तुझा आवाज माझ्या कानात आत्ताच पातळ होत चाललाय. परवा झोपेतून उठल्यावर तो चिमणा आवाज काढून बघितला, जमला नाही, आणि खरा कसा होता तेच क्षणभर आठवेना. मी अंथरुणातच बसून राहिलो.

शेवटी कोट गुंडाळला आणि वहिनीला परत द्यायला गेलो. ती ओट्यावर नागली पाखडत होती. कोट बघून तिनं सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, सुपारी परत करतो, मांडवात त्याचं नाव घ्यायला जीभ वळायची नाही, आणि शुभकार्यात घेऊही नये. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल आणि सुटका होईल.

"मी त्यांचा नाव कधी घेतला नाय, भावजी," ती म्हणाली. "लग्नात उखान्यात घेतला तेवढाच. पोरं बाबा म्हनतात. गावात आता कोन काय म्हनेल, मयत म्हनतील. तुमी नाय घेतला तर त्यांचा नाव घेनारा ऱ्हायला कोन?"

आणि सूप उचलून परत पाखडायला लागली. कोट माझ्याच काखेत राहिला.

खोडाळ्याला पिकअपनं निघालो. पुढची डावी, खिडकीकडची सीट तुझी, तिथं कोणी बसेना, म्हणून मी मधे बसून ढोल तिथं ठेवायला लावला, तर सोमा म्हणाला, लहानू, सरक जरा, ढोलाला दाटी होते. मी चमकून बघितलं. तो माझ्याशी बोलत होता. रीत सुरू झाली होती. मी ड्रायव्हरकडं सरकून ढोलाला जागा केली आणि वळणावळणाला दरीकडं बघायचं टाळलं.

मांडवाच्या दारातच नवरीचे आजोबा, धाकलूबाबा, उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. तू त्यांच्या मुलाच्या लग्नात वाजवलं होतंस, त्यांना तू फार आवडायचास, हे त्यांनी आधी सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "वाजवा, हसवा, काय करायचा ता करा. फक्त त्याचा नाव घेऊ नका. पोरीला हळद लागलेली हाय. मेल्या मानसाला मांडवात हाक नाय मारायची."

दादा, मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. माझीच भीती त्यांच्या तोंडून आली होती, आणि त्यांच्या तोंडून ती शहाणपणाची वाटत होती. मी म्हटलं, बाबा, काळजी करू नका. निलेशला सांगितलं, हजेरी दोन नावांची, मग लगेच पहिलं गाणं. तो म्हणाला बरं झालं. सोमा ढोलाची दोरी ताणत बसला.

दिवेलागणीला आम्ही उभे राहिलो. मी तुझा कोट घातला, खांद्यावर तो इतका उतरला की आत मी आहे की खुंटी ते कळू नये. कर्ण्यातून माझा आवाज पलीकडच्या खांबापर्यंत जाईना, म्हणून मांडववाल्याचा माइक हातात घेतला. तू कधी माइक धरला नाहीस. बाया ओळीनं बसल्या होत्या, नवरी पाटावर पिवळी होऊन बसली होती, पोरं पुढं सरकून आली होती. सगळ्यांना माहीत होतं तू नाहीस. सगळे माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या कोटाकडं बघत होते.

सोमा! धुम. थोडे हसले. निलेश! त्यानं तार छेडली. थोडे हसले, ते आपलं तोंडदेखलं. आता गाणं सुरू करायचं होतं. मी ट्रम्पेट ओठांपर्यंत नेलं. आणि मांडव थांबला, दादा. बायांनी बोलणं थांबवलं, पोरांनी ढकलाढकली थांबवली. सगळे शेवटच्या नावासाठी थांबले होते. सवयीनं थांबले होते, तुझा जीव गेला हे कळूनही. धाकलूबाबा खांबाला टेकून माझ्याकडं बघत होते आणि हळूच मान हलवत होते, नको, नको.

मला वहिनीचं सूप दिसलं. मी धीट झालो असं समजू नकोस. नवरीला काही झालं तर हे लोक मला आयुष्यभर दारात उभं करणार नाहीत, हेही मनात येऊन गेलं. आणि तरी मी माइक तोंडाशी नेला.

लहानू, म्हटलं.

कोणी ओ दिली नाही. आता मी कपाळाला हात लावायचा होता, नवरीच्या आईला विचारायचं होतं, पळत पलीकडं जायचं होतं. पाय हलेनात. मी कान देऊन उभा राहिलो. खरंच सांगतो, मी तुझी वाट बघत होतो. येऊ नकोस असं मनात म्हणत होतो आणि वाट बघत होतो. तुझी जागा नेहमी स्पीकरच्या बॉक्सपुढं, मांडवाला तोंड करून. मी त्याच जागेवर माइक हातात घेऊन उभा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. हात खाली आला, माइक बॉक्सकडं झाला, आणि माझ्या पाठीमागून, अगदी कानाजवळून, एक बारीक किनरा आवाज कुईंईं करून उठला.

मी उडालो. मागच्या मागं उडालो तो सोमाच्या ढोलावर बसलो, सोमाच्या गळ्यात हात टाकला, कोट तोंडावर आला, आणि त्या कोटाच्या आतून माझ्या तोंडातून निघालं, हजर! हजर, हजर! तुझ्याच आवाजात. अगदी तुझ्याच. मी काढला नाही, दादा, तो भीतीनं निघाला.

मांडव फुटला. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या, नवरीनं हळदीचे हात तोंडावर घेतले आणि तिचं नाक पिवळं झालं, पोरं बॉक्ससारखं कुई कुई करत नाचायला लागली. धाकलूबाबा खांबाला धरून खोकत होते, मला वाटलं रागानं, जवळ जाऊन बघितलं तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. त्यांनी माझा कोट धरला आणि त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण हसू आवरेना. मग हसू आवरलं आणि पाणी आवरेना. पुढं आम्ही कसं वाजवलं ते विचारू नकोस. बरं वाजवलं असावं, लोकांनी जेवणं उशिरा घेतली.

पण भीती गेली म्हणशील तर नाही. ती फक्त सरकली. वाजवतानाच मला कळलं होतं काय झालंय ते. शेळी तुझी होती, जीप तुझी होती, घोरणारा साहेब तुझा होता, पण ढोलावर जाऊन बसलेला माणूस तू मला शिकवलेला नव्हता. तो हसा माझा होता. मी सोमाकडं बघितलं नाही, निलेशकडं बघितलं नाही, ट्रम्पेट पुसत राहिलो. वसंत असताना दोन लग्नसराया मी ज्या हशाची वाट बघितली, तो या जागेवर एका संध्याकाळीत मिळाला होता, आणि मला तो नको होता. अजून थोडे दिवस मला तुझ्या नावाला ओ द्यायची होती. ज्या नावाला घाबरून मी पंखा बंद करून बसलो होतो, तेच नाव आता कोणी घेणार नाही याची मला धास्ती वाटत होती. तुला हे ऐकून किती मजा आली असती.

जेवणं झाली. सामान पिकअपमध्ये भरून झालं. मी मांडवाच्या कडेला, स्पीकर बॉक्स काढलेल्या त्या मोकळ्या जागेपाशी उभा होतो. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. सोमानं मागच्या फळीवर हात आपटला आणि हाक मारली, "ए यशवंता, चल बस."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तो पुन्हा म्हणाला, यशवंता. निलेशही म्हणाला. मी तिथंच उभा राहिलो, दादा, त्यांच्यातला एखादा तरी चुकून लहानू म्हणेल म्हणून.